पाठमोरी द्वारका

हेमंतातलं ऊन सोनगावच्या क्रीडांगणावर उतरतं ते पावलं न वाजवता. आधी ते कालव्यावरच्या धुक्याला केशरी कड लावतं, मग उगवतीच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर थबकतं, मग फांदीफांदीनं, पानापानानं खाली येत येत शेवटी पाणी मारून चोपलेल्या तांबूस, दंवओल्या मातीवर अंग टाकतं. चुन्याच्या शुभ्र रेषा उजळतात. दोन टोकांना दोन खांब, खांबांच्या मधोमध एक सरळ पाटी, पाटीवर ओळीनं आठ चौकोन. खो-खोचं मैदान ते एवढंच.

त्या मैदानाच्या कडेला एक खिडकी आहे. खिडकीत शिलाईचं मशीन, मशीनवर वाकलेली अंबूताई पोरे. केस रुपेरी, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. हात कापडावर, पाय पायडलवर आणि डोळे? डोळे कायमचे खिडकीबाहेर! सोनगावातल्या बायका म्हणत, अंबूनं ब्लाउज शिवला की बाही सरळ येते, पण माप घेताना ती तुमच्याकडं बघेल तर शपथ.

आई लवकर गेली, बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि ज्या वयात बाकीच्या पोरी खांबाला गिरकी घेत होत्या त्या वयात अंबूच्या पायाखाली पायडल आलं. खेळायची हौस मात्र हाडीमाशी भिनलेली. मग तिनं काय करावं? गावच्या क्रीडा मंडळाच्या मुलींचे शर्ट तिनं शिवायला घेतले. गडद जांभळ्या पॉपलिनचे शर्ट, आणि पाठीवर पांढऱ्या मांजरपाटाचे आकडे. मुली मैदानात उतरल्या की अंबूचे टाके मैदानात उतरत. ती स्वतः मात्र चुन्याच्या रेषेच्या आत कधी गेली नाही. रेषेच्या आत खेळणारीनंच जावं, असा तिचा नेम होता, आणि तो तिनं कुणी न सांगता पाळला.

कार्डांचं वेड लागलं ते गल्लीतल्या पोरांमुळं. पोरं च्युइंगमच्या पाकिटातून निघणारी क्रिकेटवाल्यांची चित्रं जमवत, ओट्यावर मांडत, एकाच्या बदल्यात दोन मागत, भांडत, रडत. अंबू ते खिडकीतून बघायची आणि मनात चडफडायची. का बरं? आमच्या पोरींनी काय घोडं मारलंय? त्या पळत नाहीत? त्यांच्या अंगाला घाम येत नाही?

आणि तिनं स्वतःच कार्डं करायला घेतली. तयार शर्टाच्या घडीत निघतो तो पुठ्ठा. त्यावर वर्तमानपत्रातला, नाहीतर स्टुडिओवाल्यानं टाकून दिलेला फोटो. फोटोभोवती त्याच खेळाडूच्या शर्टाच्या उरलेल्या चिंधीची जांभळी गोट. आणि मागल्या अंगाला कापड ताणून त्यावर साखळी टाक्यात आकडा, आकड्याखाली गाठीचे टाके. जितके गडी टिपले तितक्या गाठी. अक्षर नाही, शाई नाही. अंधारात बोट फिरवलं तरी अंबू सांगायची, ही विमल, ही शकू, ही रुक्साना. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो सारा जांभळा खजिना सुखानं नांदत होता.

फक्त एक कार्ड तिला सुखानं झोपू देत नव्हतं. ते द्वारकाचं.

ज्यांनी खो-खो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. पाटीवरच्या आठ चौकोनांत आठ गडी उकिडवे बसतात, पण एकीचं तोंड उगवतीला तर शेजारणीचं मावळतीला. नववी समोरच्या संघातल्या पळणाऱ्यांचा पाठलाग करते. दमली, किंवा डाव साधला, की बसलेलीच्या पाठीमागं येते, पाठीवर थाप मारते, म्हणते, खो! ती उठून धावते, आणि जिनं खो दिला ती तिच्या जागी बसते. मधली पाटी ओलांडायची नाही. पलीकडं जायचं तर खांबाला वळसा घालूनच जायचं. असा हा पाठीनं ऐकायचा खेळ.

आता गंमत बघा. सामने व्हायचे ऊन कलल्यावर. मावळतीच्या अंगाला मांडव, मांडवात पाहुणे, पाहुण्यांपुढं चहा, मग फोटोवालाही तिथंच ठिय्या देऊन. त्याचंही चुकत नव्हतं म्हणा, सूर्य पाठीशी असला की समोरचे चेहरे लख्ख येतात. पण लख्ख कुणाचे? मांडवाकडं तोंड असलेल्यांचे. दरवर्षी, दर सामन्यात, दर फोटोत पहिली हसतेय, तिसरी हसतेय, पाचवी हसतेय. आणि चौथ्या चौकोनात द्वारका खलाटे, कायमची पाठमोरी.

काय पाठ होती ती! ताठ, सावध, सडसडीत. दोन वेण्या वर दुमडून बांधलेल्या, मानेवर घामाची चमक, जांभळ्या शर्टावर मांजरपाटाचा चार. तो चार किंचित तिरका होता, कारण तो शिवताना अंबू बाहेर द्वारकालाच बघत होती. थाप पडायच्या आधीच ती पाठ उमलायची. खो हा शब्द हवेत असतानाच द्वारका उठलेली असायची, आणि पळणारी पोर बाद होऊन कपाळाला हात लावायची. तिच्या कार्डाची मागली बाजू गाठींनी अशी भरगच्च की बोटाला जागा मिळू नये, आणि पुढच्या बाजूला चेहराच नाही.

बाकीच्या पाठमोऱ्यांचे चेहरे स्पर्धेची ढाल मिळाली त्या दिवशी सापडले, कारण ढालीभोवती सगळ्या मांडवाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. सगळ्या म्हणजे द्वारका सोडून. शिट्टीचा आवाज विरायच्या आत तिचा थोरला भाऊ सायकल घेऊन रेषेपाशी उभा होता. घरी बघायला पाहुणे आले होते. धुळीचे पाय तसेच, घामाचा शर्ट तसाच, त्यावरूनच साडी गुंडाळली आणि द्वारका कॅरियरवर बसून गेली. अंबूनं खिडकीतून बघितलं, तेव्हाही ती पाठमोरीच होती.

ती गेली सोलापूरपलीकडं, मोठ्या खटल्याच्या घरात. ऋतू आले, ऋतू गेले. कडुनिंब मोहरला, झडला, पुन्हा मोहरला. अंबूनं नव्या पोरींचे शर्ट शिवले, नव्या पोरींची कार्डं केली, आणि डबा झाकताना दरवेळी ते एक कार्ड वर काढून त्यावरून हात फिरवला. वेडेपणाच तो! पण ज्याला त्याला आपापला वेडेपणा गोड.

आणि या मार्गशीर्षात द्वारका माहेरी आली. नवरा मागंच गेलेला, गुडघे कुरकुरणारे, भावाच्या घरी कालव्याकडच्या खोलीत राहायला आलेली. मंडळाचा सुवर्णमहोत्सव आठवड्यावर आला होता. जुन्या खेळाडूंचा एक डाव व्हायचा होता, आणि द्वारकानं निरोप्याला साफ सांगितलं होतं, मी येणार नाही.

अंबूनं डबा काखोटीला मारला आणि निघाली.

द्वारका शेंगा फोडत बसली होती. तिनं वर बघितलं, ओळखलं, आणि आधी हसू आलं की पाणी, ते तिलाही कळलं नाही.

"अंबे, तू? आगं, किती वाळलीस गं!"

"आणि तू सुटलीस. फिट्टंफाट झाली. येत का नाहीस म्हणं खेळायला?"

द्वारका शेंगांची टरफलं बोटांनी एका बाजूला सारू लागली. मग सावकाश बोलली. नातीला एकदा ती म्हणाली होती, मी खो-खो खेळायचे, ढाल आणली होती आम्ही. नात म्हणाली, आजी, फोटो दाखव की. आता फोटो कुठून दाखवायचा? शर्ट दाखवावा तर सासरी त्याचं कधीच पोतेरं झालेलं. घरातले सगळे हसले, वाईट मनानं नव्हे, असंच हसले. "तवापासनं मी ते बोलायचंच सोडलं बघ. आता तर वाटतं, मी खेळले का खरंच, का आपलं स्वप्नच पडलं होतं? मरताना तरी कुणाला खरं वाटावं का नको?"

अंबू पुढं सरकली. तिनं डबा उघडला, कार्ड काढलं आणि शेंगांच्या सुपात ठेवलं.

द्वारका बघत राहिली. तिच्या हाताला शेंगांची माती होती, ती तिनं पदराला पुसली, पुन्हा पुसली, आणि मग ते कार्ड उचललं.

"ही कोण?"

"घ्या! स्वतःची पाठ ओळखू येईना व्हय?"

स्वतःची पाठ कुणी बघितलीय हो? द्वारकानंही कधी बघितली नव्हती. त्या दोन वेण्या, तो तिरका चार, ती ताठ मान. तिनं कार्ड उलटं केलं आणि गाठींवरून अंगठा फिरवू लागली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, जपमाळ ओढावी तसा.

"मी होते तर," ती हळूच म्हणाली.

"होतीस. पण चेहरा नाही ना गं माझ्याकडं! सगळे मेले फोटोवाले मांडवाकडनं फोटो काढायचे. तुझ्या तोंडावाचून माझा डबा अपुरा आहे, द्वारके. तेवढं दे मला. बाकी काही मागत नाही."

द्वारकानं शेंगांचं सूप बाजूला केलं. "गुडघ्यांचं काय करू?" एवढंच विचारलं, आणि अंबूला उत्तर मिळालं.

मग दोघींनी दोन मसलती केल्या, एकीची दुसरीला न सांगता. इथंच तर सगळा घोळ झाला!

अंबू गेली स्टुडिओत. स्टुडिओवाली शाहीन मुलाणी हुशार मुलगी, कॅमेरा तिच्या हातात खेळण्यासारखा खेळायचा. अंबूनं तिला बजावलं, या वेळी डाव सकाळचा आहे, ऊन कडुनिंबाकडनं येणार, तू मांडवाकडं फिरकायचंसुद्धा नाहीस, कडुनिंबाखाली उभं राहायचंस. चौथ्या चौकोनातल्या बाईचं तोंड तिकडं असतं. शाहीन म्हणाली, ऊन पाठीशी, चेहरा समोर, ताई, फोटो सोन्यासारखा येतो की नाही बघा.

आणि द्वारका? ती गेली विमल भोईटेकडं, जुन्या कप्तानाकडं. म्हणाली, विमल, जन्मभर मी मांडवाकडं पाठ करून बसले, या वेळी सगळ्याजणी उलट बसू. अंबीला माझं तोंड हवंय. तिला सांगू नकोस, तिची गंमत करू. विमल पोट धरून हसली आणि कबूल झाली.

उगवला तो दिवस. धुकं विरलं, केशरी कड सोनेरी झाली, सोनेरी ऊन कडुनिंबातून झिरपत झिरपत मातीवर आलं. हलगी कडाडली. जांभळे नवे शर्ट, अंबूनं शिवलेले, जुन्या बायकांनी साडीवरून चढवलेले. कुणाचं पोट मावत नाही, कुणाची बाही वर चढते, कुणी चष्मा काढून नातवाकडं देतेय. टाळ्या, शिट्ट्या, हशा. एकेक जण चौकोनात बसली, कुणी हात टेकून, कुणी अगं आई गं म्हणत.

कडुनिंबाखाली शाहीनशेजारी उभ्या अंबूनं चौथ्या चौकोनाकडं बघितलं.

समोर पाठ होती. जांभळी पाठ, पांढरा चार. द्वारका मांडवाकडं तोंड करून ऐटीत बसली होती, आणि मांडवात कॅमेराच नव्हता.

"अगं बाई गं! शाहीन, पळ! तिकडं जा, मांडवाकडं!"

"ताई, उपयोग नाही. तिकडनं काढला तर ऊन थेट कॅमेऱ्यात. चेहरा कोळशासारखा काळा येईल."

शिट्टी वाजली, डाव सुरू झाला. आताच्या तरण्या मुली पळत होत्या, थोडं सबुरीनं, थोडं लाडानं. विमल थुलथुलत पाठलाग करत होती. खो शकूला गेला, शकूचा रुक्सानाला, रुक्सानाचा पुन्हा विमलला. चौथ्या चौकोनापाशी आलं की प्रत्येक जण पुढं सरकायची. द्वारकाचे गुडघे गेलेत, तिला बसू दे बाई, उगाच काही झालं तर. मायेनंच चाललं होतं सगळं. पण त्या मायेत द्वारकाची पाठ वाट बघत होती. पावलं जवळ आली की ती ताठ व्हायची, पावलं पुढं गेली की खांदे किंचित उतरायचे. पुन्हा पावलं, पुन्हा ताठ. पुन्हा उतार. अख्ख्या मैदानात ते फक्त अंबूला दिसत होतं, कारण ती पाठ तिच्याइतकी कुणी वाचलीच नव्हती.

डाव सरत आला. खांबापाशी विमलचा दम पार संपला. ती खांबाला मिठी मारून उभी राहिली, हसत, धापा टाकत, हात जोडत. पळणाऱ्या मुलीही थांबल्या. सगळं मैदान हसत होतं. पंच बर्गे सर शिट्टी ओठांत धरून घड्याळाकडं बघत होते.

आता शिट्टी वाजली की संपलं. पुन्हा पाठ, पुन्हा बिनचेहऱ्याचं कार्ड, आणि द्वारका परत कालव्याकडच्या त्या खोलीत शेंगा फोडत बसणार. अंबूच्या डोळ्यांपुढं ते सगळं लख्ख उभं राहिलं, आणि तिला स्वतःचाच असा राग आला म्हणता! कसला नेम नि कसली रेघ?

तिनं चपला काढल्या. टेप गळ्यातच राहिला. चुन्याची शुभ्र रेषा तिच्या पावलाखाली आली, थंडगार, ओली, आणि मागं पडली. जन्मभर खिडकीतून बघितलेली माती तळव्याला लागली. कुणीतरी म्हणालं, अरे ही कुठं निघाली? हलगी थबकली. बर्गे सरांनी शिट्टी ओठांतून काढली. अंबू चालली, मग भरभर चालली, मग, काय सांगावं, धावलीसुद्धा. त्या पाठीमागं पोचली. आपणच शिवलेल्या चारवर तिनं तळहात टेकला आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा गोळा करून ओरडली,

"खो!"

द्वारका उठली.

गुडघे कुठं गेले, वय कुठं गेलं, देव जाणे. ती उठली ती शब्द हवेत असतानाच उठली. आणि अंबू? खो दिला की बसायचं, हा खेळाचा कायदा. ती त्या चौकोनात बसली. मांडवाकडं तोंड, कडुनिंबाकडं पाठ. समोर नुसता मांडव, पाहुणे, चहाचे कप. जो चेहरा बघायला ती उभी हयात थांबली, तो आता तिच्या पाठीमागं जाणार होता, आणि वळून बघायची सोय नव्हती.

म्हणून तिनं ऐकलं. द्वारकाची पावलं खांबाकडं गेली, दुडकी, जड, हट्टी. खांबावर हात पडल्याचा आवाज आला. वळसा. मग पावलं पलीकडच्या अंगाला उतरली, उगवतीच्या अंगाला, उन्हाच्या अंगाला. आणि मग एक आरोळी उठली, बायकांची, पोरांची, पाहुण्यांची, आणि त्या आरोळीच्या पोटात अंबूनं कॅमेऱ्याची खटखट स्पष्ट ऐकली. तिच्या पाठीवर कोवळं ऊन पसरलं होतं. ती तिथंच बसून घळाघळा रडली.

एक पोरगी बाद झाली म्हणतात. काही म्हणतात ती मुद्दाम बाद झाली. होऊ दे की!

अंबूनं दोन कार्डं केली. एक डब्यातलं, एक द्वारकाचं. त्याच नव्या शर्टाची जांभळी गोट, मागं साखळी टाक्यातला चार, या वेळी अगदी सरळ, आणि एक नवी गाठ. पुढच्या बाजूला द्वारका. खांब नुकताच सोडलेला, केस विस्कटलेले, तोंड उघडं, सुरकुत्यांसकट सगळा चेहरा उन्हानं भरलेला. हसतेय की ओरडतेय ते सांगता येत नाही.

नाताळच्या सुट्टीत द्वारकाची नात आली. कार्ड हातात घेऊन किती वेळ बघत राहिली.

"आजी, ही तू?"

"मग? मीच."

"भारी गं! आणि ही मागं बसलेली, पाठमोरी, ही कोण?"

द्वारकानं कार्ड जवळ घेतलं. तिच्या धावत्या खांद्यामागं पाटी दिसत होती, चौकोन दिसत होते, आणि चौथ्या चौकोनात एक किडकिडीत बाई मांडवाकडं तोंड करून बसलेली. शर्ट नाही, आकडा नाही, पाठीवर नुसता लुगड्याचा पदर नि गळ्यातल्या टेपचं एक टोक.

"ती व्हय? ती अंबू. आमच्या संघातली."

मैदानाच्या कडेला, उघड्या खिडकीत, मशीन चालू होतं. नव्या पोरींचे शर्ट, नवे आकडे, नवी जांभळी चिंधी. कलतं ऊन मागल्या दारातून आत आलं, कापडावर आलं, हातांवर आलं, आणि उठून मैदानाकडं बघायला उभ्या राहिलेल्या अंबूच्या पाठीवर सावकाश टेकलं.